हेडमध्ये अडकलेला टॅप : प्रकल्प नोंदी, रत्नागिरी

५ जानेवारी २०२५, रविवार

काकांची मारुती ८०० आज मिऱ्याहून आमच्या वर्कशॉपमध्ये आणली. पुढे टेम्पो, मध्ये दोर, स्टिअरिंगवर मी. सात पावसाळे ती माडांखाली उभी होती आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. दारांचा पत्रा खालून पापुद्र्यासारखा सुटतोय, पण बॉनेट उघडल्यावर इंजिन वाटलं होतं त्यापेक्षा बरं दिसलं. १९९१ चं मॉडेल, कार्बोरेटर आणि पॉइंटवालं. सेन्सर नाहीत, संगणक नाही. जे घडतं ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. शिकायला याहून चांगलं इंजिन नाही, असं माझं ठाम मत आहे.

काका म्हणाले, "चालू झाली तर बरंच झालं गो. नाही झाली तर निदान होती तशी जोडून आणा."

क्रँकच्या पुलीला पाना लावून पाहिलं. हलेना. तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात दोन चमचे ऑइल सोडलं आणि भोकं स्वच्छ चिंध्यांनी बंद केली. जोर लावायचा नाही, असं आम्ही चौघांनी ठरवलंय.

७ जानेवारी

पाना फिरला. आधी बोटभर, मग अर्धा फेरा, मग सुटाच.

पहिल्या सिलेंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून मी जोडीदाराला क्रँक सावकाश फिरवायला सांगितलं. अंगठा आत ओढला गेला: शोषण. मग आतून दाब वाढत गेला आणि फुस्स करून अंगठा उडाला: संपीडन. पुढचे दोन स्ट्रोक अंगठ्याला फारसं काही सांगत नाहीत, कारण आत जाळ नाही. चार स्ट्रोक म्हणजे क्रँकचे दोन फेरे, हे पहिल्या वर्षापासून पाठ आहे. आज ते अंगठ्याला कळलं. तीन सिलेंडर असल्यामुळे दोन फेऱ्यांच्या ७२० अंशांत तीन स्फोट, म्हणजे दर २४० अंशांना एक, आणि क्रम १-३-२.

८ जानेवारी

बॅटरी जोडून कॉम्प्रेशन गेज लावलं. पहिला सिलेंडर १४५ पीएसआय, तिसरा १४०, दुसरा फक्त ५०. दुसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं, आकडा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून दाब वाढला असता. वाढला नाही, म्हणजे गळती वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, उतरवायचं.

१२ जानेवारी, रविवार

वाईट दिवस. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट सोडताना दुसऱ्या सिलेंडरजवळचा स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, हेडच्या पातळीला तुटला. आवाज असा काही झालाच नाही, पाना एकदम हलका झाला.

बाकीचे स्टड निघाले तेव्हा कारण कळलं. आट्यांमध्ये पांढरी, रवाळ पूड घट्ट बसली होती. स्टड पोलादाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि मध्ये सात वर्षं खाऱ्या वाऱ्याने आणून सोडलेला ओलावा. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी म्हणजे बॅटरीच. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, आणि झिजून होणारी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून आटे आवळले जातात. ही गाडी घाटावर उभी असती तर हा स्टड बहुधा निघाला असता.

हेड मात्र उतरलं. दुसऱ्या सिलेंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड खाल्लेली दिसते. निदान बरोबर होतं. बोअर ६८.५ मिमी आणि स्ट्रोक ७२ मिमी भरला. गुणाकार केला तर एका सिलेंडरचे २६५ घन सेंटिमीटर, तिघांचे ७९६. नावातल्या ८०० ला चार कमी.

१३ जानेवारी

तुटलेल्या स्टडला मध्यावर पंच मारून ३, ५ आणि मग ६.८ मिमीचं ड्रिल मारलं. एम-८ ला, म्हणजे ८ मिमीच्या आट्यांना, हेच माप. भोक केसभर बाजूला गेलं, पण चालण्यासारखं. उरलेले आटे साफ करायला एम-८ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, घातला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, बुरा मोडत जायचं, हा नियम. शेवटच्या चार-पाच मिलिमीटरला मी मागे न घेता सलग फिरवलं. टॅप तुटला. आत १६ मिमी.

हाय-स्पीड स्टीलच्या टॅपवर साधं ड्रिल चालत नाही, कारण दोघं एकाच जातीचे. ड्रिल घसरतं आणि शेजारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसतं. छिन्नीने फोडायला गेलं तर हेडला तडा जायची भीती. चूक माझी आहे आणि ती वहीत लिहून ठेवतेय.

१४ जानेवारी, संक्रांत

काम बंद. तिळगूळ घेऊन मिरकरवाड्यातल्या मिस्त्रीमामांकडे गेले. ते आयुष्यभर ट्रॉलरची डिझेल इंजिनं दुरुस्त करत आलेत. हेडचा फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अगो, आता जोराने काय होणार नाय. तुरटीत उकळ. सोनार तसंच करतात."

मी ऐकून घेतलं. आधी वाटलं, तुरटी म्हणजे दाढीनंतर लावायची. मग रसायनशास्त्र आठवलं: तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. पोलाद त्यात विरघळत जातं, अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचं पातळ कवच असल्यामुळे ते बरंचसं टिकतं. म्हणजे हे रासायनिक यंत्रणच झालं, रसायनाने धातू काढायची रीत. आमच्या अभ्यासक्रमात जे प्रकरण ऐच्छिक म्हणून सगळे सोडतात, त्यातलं.

१९ जानेवारी

सरांनी अपारंपरिक यंत्रणाचं अख्खं प्रकरण आमच्यासमोर ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला: "पोलाद खाईल आणि अ‍ॅल्युमिनियम सोडेल, असं यातलं कोण?"

पाण्याचा झोत आधी अ‍ॅल्युमिनियम कापेल. अल्ट्रासोनिक काच आणि सिरॅमिकसारख्या ठिसूळ, कडक वस्तूंसाठी. लेसर १६ मिमी खोल आंधळ्या भोकात वितळलेला धातू बाहेर काढू शकणार नाही, आणि तसा लेसर आमच्याकडे आहे कुठे. हे तीन पाच मिनिटांत बाद.

विद्युत-रासायनिक यंत्रणावर मात्र मी अडून बसले, कारण मिठाचं पाणी आपल्याकडे फुकट. फॅरेडेच्या नियमाने हिशेब मांडला: एक अँपिअर तासभर वाहिला तर साधारण १ ग्रॅम लोखंड विरघळतं. १०० अँपिअर मिळाले तर हा टॅप मिनिट-दीड मिनिटात गायब! पण मिठाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमही तितक्याच आनंदाने विरघळतं. माडांखाली सात वर्षं संथपणे जे चाललं होतं तेच मी दीड मिनिटात करून दाखवलं असतं. बाद.

उरले दोन. तुरटी धातू ओळखते, पण हळू. ठिणगी, म्हणजे ईडीएम, धातू ओळखत नाही पण इलेक्ट्रोड जिथे नेऊ तिथेच खाते. ठिणगीला कडकपणाशी देणंघेणं नसतं. तिथे क्षणभर आठ-दहा हजार अंशांची उष्णता तयार होते आणि सुईच्या टोकाहून लहान ठिपका वितळून उडतो. टॅप कितीही कडक असो, वितळतो ना, मग झालं.

२४ जानेवारी

तुरटीचा प्रयोग. भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यात दीड मिमीचं ड्रिल मुद्दाम तोडलं. काचेच्या बीकरमध्ये तुरटीचं दाट पाणी, खाली मंद आच. ड्रिलवरून बारीक बुडबुडे येत राहिले. रोज पाणी बदलून पाचव्या दिवशी ड्रिल काळं, बारीक होऊन टाचणीने निघालं. अ‍ॅल्युमिनियम थोडं काळवंडलं, बाकी शाबूत. मामा बरोबर होते.

तरी हेड तुरटीत घालायचं नाही असं ठरलं. टॅप त्या ड्रिलच्या कितीतरी पट जाड आहे, आणि हेडमधल्या व्हॉल्व्हच्या सीट आणि गाइड लोखंडी जातीचे. तुरटी त्यांनाही सोडणार नाही. मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर. सीट गेली तर हेड गेलं."

१ फेब्रुवारी, शनिवार

पहाटेच्या एसटीने आंबा घाटातून कोल्हापूर. तिथल्या एका टूलरूममध्ये सरांच्या ओळखीने ईडीएम मशीन चालू असताना दोन तास पाहता आलं. ओतकामाचं गाव असल्याने साचे आणि डाय यांच्यासाठी ही मशीन तिथे रोजच्या वापरातली. कामगार तिला नुसतं 'स्पार्क' म्हणतात. तेलाच्या टाकीत तांब्याचा इलेक्ट्रोड सावकाश खाली येत होता आणि आतून सतत तड-तड, त्याबरोबर वर येणारे धुराचे बुडबुडे.

ऑपरेटरदादांनी दोन गोष्टी नीट समजावल्या. एक, इलेक्ट्रोड आणि काम कधीच टेकत नाही; मध्ये काही शतांश मिलिमीटरची फट असते, ती मशीन स्वतः राखते. दोन, फटीतली काजळी आणि धातूचे कण सतत धुऊन काढले नाहीत तर ठिणगी एकाच जागी अडकते आणि आर्क होऊन काम जळतं. "टॅप काढायचा तर मधला गाभा जाळायचा, कडेच्या पाकळ्यांना हात लावायचा नाही. गाभा गेला की पाकळ्या आपोआप सुटतात." आणि निघताना म्हणाले, "अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा लवकर जळतंय. सेंटर सुटलं तर भोक गेलंच म्हणून समजा."

हेड तिथेच देऊन काम करून घेता आलं असतं. परतीच्या एसटीत आम्ही तेच बोलत होतो आणि साखरपा येईपर्यंत ठरलं: मशीन आपण बनवायची. आधी भंगारावर पाच टॅप काढून दाखवायचे, मगच हेडला हात.

९ फेब्रुवारी

मशीनचं काळीज म्हणजे एक कपॅसिटर. ६० व्होल्टचा वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे ब्रिज आणि फिल्टर. डीसी ८५ व्होल्ट मिळाले. रोध म्हणून २००० वॅटच्या शेगडीची कॉइल, २६ ओहम. कपॅसिटर विहिरीवरच्या पंपाचा, २० मायक्रोफॅरड. इलेक्ट्रोलिटिक वापरायचा नाही, तो असे झटके फार काळ सोसत नाही.

कपॅसिटर पुरवठ्याच्या सुमारे ७२ टक्के भरला की ठिणगी पडावी, तेव्हा सर्वाधिक काम होतं. म्हणजे ६१ व्होल्ट. एका ठिणगीची ऊर्जा ३७ मिलिज्यूल, आणि भरायला पाऊण मिलिसेकंदाहून कमी वेळ, म्हणून सेकंदाला साधारण दीड हजार ठिणग्या. तुलना करून पाहिली: हीच मारुती ३००० आरपीएमवर धावत असताना एक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या देतो. तिथे संपीडित हवेतली जवळजवळ मिलिमीटरभराची फट ओलांडायची असते म्हणून कॉइल १२ व्होल्टचे पंधरा-वीस हजार करते. आमची फट शतांशांत, म्हणून ६१ पुरतात.

आज वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी वर्कशॉपभर सांगत सुटले. ठिणगीने धातू कापायची ही रीत १९४३ मध्ये मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेंको या जोडप्याने घडवली. त्यांना मुळात काम दिलं होतं ते ठिणग्यांमुळे विद्युत-संपर्क झिजतात, ती झीज थांबवण्याचं. इग्निशनच्या पॉइंटचंच दुखणं! संपर्क तेलात बुडवून पाहिले; झीज थांबली नाही, उलट नेमकी आणि आटोक्यात राहणारी झाली. मग त्यांनी झीज थांबवायचा नाद सोडून तिलाच कामाला लावलं. आमच्यासारखाच कपॅसिटर आणि रोधाचा परिपथ त्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि त्याच सुमारास अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर हे तिघे ठिणगीने काय काढत होते? अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांत तुटलेले टॅप.

मी लगेच काकांच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर उघडला. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा, समोरच्या बाजूला तेवढाच उंचवटा. पंचाऐंशी व्होल्टचं आमचं यंत्र जे करणार आहे, ते या गाडीत वर्षानुवर्षं चालू होतं. कंडेन्सर आणि पॉइंट नवे घ्यायच्या यादीत लिहिले.

१५ फेब्रुवारी

रॉकेल वापरायला सरांनी मनाई केली. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते, चाळिशीच्या आसपास, आणि आपल्याकडे फेब्रुवारीतच दुपारी पत्र्याखाली काय तापतं ते माहीत आहे. ईडीएमचं तेल कोल्हापूरहून मागवलं, त्याचा फ्लॅश पॉइंट शंभराच्या वर. तरी वाळूची बादली शेजारी, ठिणगी तेलाच्या पातळीच्या किमान ४० मिमी खाली, आणि यंत्र चालू असताना एकट्याने थांबायचं नाही.

खाली-वर सरकायला स्टेपर मोटर आणि २ मिमी पिचचा स्क्रू; एक पाऊल म्हणजे ०.०१ मिमी. फटीतला सरासरी व्होल्टेज २५ च्या खाली गेला की वर उचल, ४५ च्या वर गेला की खाली उतर, एवढंच त्याला शिकवलं. इलेक्ट्रोड ४ मिमीची तांब्याची नळी, आतून २ मिमी पोकळ. पोकळीतून तेल सोडायला मारुतीचाच काच धुण्याचा पंप काढून लावला.

१६ फेब्रुवारी

पहिला टॅप. कोल्हापूरला पाहिल्याप्रमाणे इलेक्ट्रोड धन ठेवला. तासाभरात टॅप २ मिमी खाल्ला गेला आणि नळी ५ मिमी! रात्रभर वाचलं. जास्त वेळ टिकणाऱ्या झटक्यांत ऋण बाजू जास्त झिजते, म्हणून त्या मोठ्या मशीनवर इलेक्ट्रोड धन. आमच्या कपॅसिटरचे झटके अतिशय आखूड, त्यांत हलके इलेक्ट्रॉन आधी पोचतात आणि धन बाजू जास्त खातात. म्हणून काम धन, इलेक्ट्रोड ऋण.

१७ फेब्रुवारी

तारा उलट केल्या. तासाला ५ मिमी खोली, नळीची झीज २ मिमीच्या आत. सर काही बोलले नाहीत, फक्त आमच्या वहीत त्या ओळीखाली रेघ मारली.

२३ फेब्रुवारी

या आठवड्यात भंगारातले चार टॅप निघाले, एक बिघडला. बिघडलेल्याचं कारण सेंटर. इलेक्ट्रोड अर्धा मिमी बाजूला होता. अ‍ॅल्युमिनियमची भिंत भराभर खाल्ली गेली आणि कडक पाकळी तशीच उभी.

हेड बुडवण्याइतकी टाकी नाही, म्हणून भोकाभोवती बांध घालायचा. गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणली. तासभर छान टिकली, मग तेलात गढूळ गाळ उतरला, ओल्या मातीतून विद्युतप्रवाह झिरपू लागला आणि व्होल्टेज २० वरच अडकला. शाडू खरवडून काढायला दोन तास. पीव्हीसी पाइपचा तुकडा एम-सीलने चिकटवला. हे आधीच सुचायला हवं होतं.

२ मार्च, रविवार

हेड.

पोर्टमध्ये चिंध्या कोंबून वरून टेप. सेंटर धरायला पितळेची बुशी टर्नरदादांकडून करून घेतली: बाहेरून भोकाच्या तोंडाला घट्ट, आतून चार मिमीचा ड्रिल-रॉड. त्यात रॉड घालून स्पिंडल जुळवला, मग रॉड आणि बुशी काढून नळी लावली. एवढ्यालाच सकाळचे अडीच तास गेले.

११.४० ला पहिली ठिणगी. ३ मिमीपर्यंत निर्वेध. ७ मिमीला आवाज बदलला, तड-तडऐवजी घरघर. लगेच वर घेतलं. नळीच्या पोकळीत कण अडकून तेल बंद झालं होतं. साफ करून पुन्हा. दुपारी जेवायला दोघं गेले, दोघं थांबलो. ४.२० ला खोली १६ मिमी, आणि व्होल्टेजचा काटा एकदम वेगळा नाचायला लागला. खाली अ‍ॅल्युमिनियम लागलं असणार. तत्क्षणी बंद.

तेल उपसलं, आत बॅटरी मारली. मध्ये गोल पोकळी आणि कडेला तीन चंद्रकोरी. दाताच्या डॉक्टरांकडची जुनी अणकुचीदार सळई घेऊन पहिली कोर आत ढकलली, सुटली. दुसरी चुंबकाला चिकटून आली. तिसरी हलेना. शेवटी हेड उलटं धरून लाकडी हातोडीने हळू ठोकत राहिलो, आणि टिक् असा आवाज करून ती फरशीवर पडली. चौघंही खाली वाकून शोधत होतो.

९ मार्च

भोकाच्या तोंडाचे दोन आटे गेलेले, कारण मूळ ड्रिलच माझं बाजूला गेलं होतं. ठिणगीने बाकी भिंतीला कुठे हात लावला नव्हता. ८.३ मिमीचं ड्रिल मारून एम-८ ची तारेची इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारी गुंडाळी, बसवली. यावेळी टॅप सरकवला तो अर्धा फेरा पुढे, पाव मागे, शेवटपर्यंत.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवा, सीटवर पेस्टने घासून बसवला. करडा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा आला. हेड गॅस्केट नवं. सगळ्या स्टडना तांब्याचं ग्रीस, आट्यांत खारं पाणी शिरायला जागा राहू नये म्हणून.

संध्याकाळी मामा आले. ट्रॉलरच्या इंजेक्टरचा जुना नोझल घेऊन आले होते. टोकाची बारीक भोकं उजेडात धरून म्हणाले, "हे कसं पाडतात, ते आता तू सांग." सांगितलं: अशी भोकं बहुतेक ठिकाणी ठिणगीनेच पाडतात, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाची, आमच्या नळीऐवजी केसासारखी तार. मामांनी नोझल परत खिशात ठेवला, मग काढून मला दिला.

१२ मार्च

उद्या होळी. शिमग्याला दोघं गावी जाणार, त्यामुळे आजच.

टायमिंगच्या खुणा पुन्हा तपासल्या, नवे पॉइंट फिलर गेजने लावले, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल सोडलं. कॉम्प्रेशन: १४५, १४०, १४०. किल्ली काकांच्या हातात दिली. पाचव्यांदा सेल्फ मारल्यावर एक फटका, मग दोन, मग तिन्ही सिलेंडर धरले. सुरुवातीला बराच निळा धूर, दोन महिन्यांपूर्वी आम्हीच ओतलेल्या ऑइलचा. चोक आत घेतल्यावर आयडल स्थिरावलं. काका काही न बोलता स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

मॅनिफोल्डच्या सांध्यांजवळून पेटलेली उदबत्ती फिरवली. दुसऱ्या सिलेंडरच्या त्या स्टडपाशी धूर सरळ वर गेला. तिसऱ्याच्या कोपऱ्यात मात्र तो थरथरतोय, तिथे थोडी फुंकर आहे. इंजिन थंड झाल्यावर ते दोन नट पुन्हा आवळायचे.